अकरावं कार्ड

मनोहर सबनीसांना जावयाचा संशय आला तो बुटांवरून.

जावई, म्हणजे सिद्धेश, दर शनिवारी सकाळी सातला डोंगरात पळायला म्हणून घरातून निघायचा आणि साडेबाराला परत यायचा. मनोहरराव फेब्रुवारीत अमेरिकेत आले तेव्हा रेडमंडचं आकाश सलग सहा आठवडे गळत होतं. घरामागच्या हिरवळीवर चार पावलं टाकली तरी चपलेला चिखल लागायचा. आणि हा गडी पाच तास डोंगरात पळून आला, तरी याचे बूट दुकानातून आत्ताच आणल्यासारखे! मनोहररावांनी एकदा ते उलटे करून पाहिले. टाच झिजलेली नाही, खाचांत खडा नाही, गवताची एक काडी नाही. त्यांनी बूट होते तसे ठेवले आणि आत येऊन लेकीकडे, उत्तराकडे, चहा मागितला.

एस.टी.त एकतीस वर्षं काढलेला माणूस. पहिली नऊ कंडक्टर म्हणून, पुढची बावीस तपासणी पथकात. गाडी मधल्या रस्त्यात थांबवायची, दोन्ही दारांतून चढायचं आणि तिकीट मागायच्या आधी चेहरे बघायचे. खरा प्रवासी वैतागतो, खोटा हसतो, हे त्यांचं शास्त्र होतं आणि ते सहसा चुकत नसे. बायको शैलजा असताना ती रोज संध्याकाळी बजावायची, ‘‘दारात आलात की ती टोपी खुंटीला लावा आणि मग घरात या.’’ ती गेली, साताऱ्याचं घर सुनं झालं आणि एकुलत्या एक लेकीनं, उत्तरानं, त्यांना इकडे आणलं. टोपी साताऱ्यातच राहिली. पण खुंटीला लावा म्हणणारं आता कुणी नव्हतं.

आपल्या येण्यानं या घराला शिस्त लागली, असं मनोहररावांचं प्रामाणिक मत होतं. कोणत्या खोलीत दिवा जळत राहिला, हे ते बघायचे. रिसायकलचा डबा रस्त्यावर जाण्याआधी एकदा उपसून बघायचे, कारण सिद्धेश प्लास्टिकची झाकणं न काढताच बाटल्या टाकायचा. सिद्धेशचं ऑफिस आठवड्यातले चार दिवस घरूनच चालायचं, तेव्हा त्याच्या खोलीच्या दाराशी ते पेपर वाचत बसायचे. ‘‘कुणाचा फोन होता?’’ ‘‘आवाज का चढला होता?’’ ‘‘सव्वाचारला येतो म्हणाला होतास, चार पस्तीस झाले.’’ हे सगळं आपुलकीनं, बरं का. परक्या माणसाला कोण विचारतं?

तर अशा माणसाच्या डोळ्यांखालून ते बूट गेले. मग बाकीचं दिसायला वेळ लागला नाही. शनिवारी सिद्धेशच्या टी-शर्टला घामाचा नाही, तळलेल्या बटाट्याचा वास यायचा. पाच-पाच तास पळणाऱ्या या माणसाचा पट्टा मे महिन्यात एका भोकानं सैल झाला होता. आणि सगळ्यात मोठा पुरावा होता गाडीचा. सिद्धेश म्हणायचा, दर वेळी वेगळ्या डोंगरावर जातो. मनोहररावांनी सलग नऊ शनिवार गाडीतला मैलांचा आकडा आधी आणि नंतर पाहिला. प्रत्येक वेळी चव्वेचाळीस मैल. जायचे बावीस, यायचे बावीस. डोंगर बदलतात आणि अंतर बदलत नाही?

त्याचा अर्थ एकच होता. बावीस मैलांवर कुणीतरी राहत होतं.

त्यांना झोप लागेना. उत्तराचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. तिनं हे घर काडी-काडी जमवून उभं केलं होतं, आणि ते आतून पोखरलं जात असताना बापानं नुसतं बघत बसायचं? पण पंचनाम्याशिवाय आरोप करायचा नाही, हा त्यांचा नियम होता. लेकीला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यांना माणूस रंगेहाथ पकडायचा होता, आणि पकडायचा तर मधल्या रस्त्यात, जिथे त्याला उतरून पळता येत नाही.

ती संधी त्यांना आश्लेषानं दिली. आश्लेषा मूळची डोंबिवलीची, आता इथल्या ‘वाटाडे’ नावाच्या मराठी डोंगरवेड्यांच्या ग्रुपची सर्वेसर्वा. दर ऑक्टोबरात वाटाड्यांची मोठी फेरी असते. पळणारे तीन शिखरं घेऊन सोळा मैल पळतात, चालणारे खालच्या वाटेनं सात मैल चालतात. दोन्ही वाटा मधे एका खिंडीत भेटतात, पुन्हा फुटतात, आणि पायथ्याच्या गावातल्या पबमध्ये सगळी मंडळी एकत्र जेवतात. उत्तरानं कौतुकानं सांगितलं की आमचा सिद्धेश दर शनिवारी पळतो, आणि आश्लेषानं त्याचं नाव पळणाऱ्यांत घालून टाकलं. सिद्धेश तेव्हा हसला होता. मनोहररावांनी ते हसू टिपलं.

गेल्या वर्षी म्हणे घड्याळांवरून भांडण झालं होतं. झाडीत सिग्नल जातो, एकाचं घड्याळ सोळा मैल दाखवतं, दुसऱ्याचं चौदा, मग कोण खरं? आश्लेषा हे सांगत असताना मनोहरराव उठले, बॅगेच्या तळातून त्यांनी कंडक्टरकीच्या काळातला, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढला आणि टेबलावर ठेवला.

‘‘प्रत्येकाला एक कार्ड द्या,’’ ते म्हणाले. ‘‘खिंडीत मी बसतो. जो येईल त्याचं कार्ड पंच करतो. कार्ड नाही, भोक नाही, तर धाव नाही.’’

‘‘काका, यू आर अ जीनियस!’’ आश्लेषा ओरडली. ‘‘आणि ज्याचं कार्ड कोरं निघेल त्यानं पबमध्ये बाकावर उभं राहून सगळ्यांसमोर कन्फेस करायचं. डन?’’

‘‘डन,’’ सगळे म्हणाले. सिद्धेश म्हणाला नाही. तो पाणी प्यायला आत गेला होता.

फेरीच्या दिवशी पहाटे तिघं गाडीतून निघाले. रीत अशी की गाड्या शेवटच्या ठिकाणी, पबच्या आवारात लावायच्या आणि तिथून दोन-तीन मोठ्या व्हॅनमधून सगळ्यांनी डोंगराच्या सुरुवातीला जायचं. मनोहरराव मागच्या सीटवर बसून दोन सीटांच्या फटीतून आकड्याकडे बघत होते. गाडी आवारात थांबली. त्यांनी वजाबाकी केली. बावीस.

म्हणजे याच गावात! लाकूडतोड्यांचं जुनं गाव, एक रस्ता, एक पेट्रोल पंप आणि जाडजूड ओंडक्यांचा तो पब, ‘रस्टी सॉ’. दारावर माणसाएवढी गंजकी करवत टांगलेली. सकाळी सहालाच आत दिवे होते. नाश्त्यासाठी उघडतात, आश्लेषा सांगत होती. खिडकीतून एक बाई टेबलं पुसताना दिसत होती. तिनं बाहेर पाहिलं. सगळी मंडळी पबकडे बघत होती, फोटो काढत होती, आणि सिद्धेश तेवढा पाठ फिरवून रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपाकडे बघत उभा होता.

ती बाई, मनोहररावांनी मनात नोंद केली.

खिंडीत आधी पोचायचं म्हणून ते पळणाऱ्यांच्या अर्धा तास पुढे एकटेच निघाले. वाट रुंद होती, पाट्या जागोजागी होत्या. दोन्ही बाजूंनी उंच, काळपट हिरवी झाडं, बुंध्यांवर ओलं शेवाळ, आणि धुकं असं दाट की पुढच्या वळणावर कोण उभं आहे ते कळू नये. पहिल्या मैलावर एक फाटा होता. डावीकडून शिखरांची चढण, उजवीकडून खिंडीची वाट, आणि मागे पायथ्याकडे उतरणारा एक जुना लाकडं ओढायचा रस्ता. मनोहररावांनी त्या जुन्या रस्त्याकडे नीट पाहिलं. पळून जायचं तर इथूनच, हे त्यांना लगेच कळलं.

साडेनऊला ते खिंडीत पोचले. घडीची खुर्ची उघडली, मांडीवर यादी घेतली, चिमटा उजव्या हातात. थोड्या वेळानं पहिला पोरगा वरून धापा टाकत आला. नकुल त्याचं नाव, ढोपरापर्यंत चिखल. कटक! दुसरी आली, तिचा कोपर खरचटलेला. कटक! मनोहररावांना फार बरं वाटत होतं. पंधरा वर्षांनी हाताला ते काम मिळालं होतं. पावणेअकरापर्यंत दहा कार्डांना भोकं पडली. यादीत नावं होती अकरा.

अकरावा आला नाही.

खोटं कशाला सांगा, आधी त्यांना आनंद झाला. अगदी पूर्वीसारखा, छातीत उकळी फुटल्यासारखा. सापडला! मग धुक्यातून कुठेतरी दगड गडगडत गेल्याचा आवाज आला. पडला तर नसेल? संशय खोटा असेल आणि पोरगा एखाद्या घळीत पाय मोडून पडला असेल तर? ते खुर्चीतून उठून वरच्या वाटेवर शंभर पावलं गेले, दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही.

तेवढ्यात चालणाऱ्यांची शेवटची जोडी वर आली, आश्लेषा आणि उत्तरा. बाकीचे सगळे केव्हाच खिंड ओलांडून खाली गेले होते. खिंडीत फोनला जेमतेम एक काडी सिग्नल होता. आश्लेषाचा फोन टिंग टिंग वाजू लागला.

‘‘अय्या!’’ ती म्हणाली. ‘‘सिद्धेशचा मेसेज. ‘रीच्ड सेफ. डोंट वेट फॉर मी.’ उत्तरा, तुझा नवरा पबमध्ये पोचलासुद्धा! काका, जावई पहिला आला तुमचा!’’

‘‘बघू,’’ मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी फोन हातात घेतला. आश्लेषानं मजकूर वाचला होता. त्यांनी वेळ वाचली. नऊ वीस.

नऊ वीसला खिंडीत कुणी पोचलंच नव्हतं, तेही नाहीत. पोरगा घळीत पडला नव्हता, जुन्या रस्त्यानं उतरून थेट त्या बाईकडे गेला होता. जिवाची भीती गेली आणि तिची जागा रागानं घेतली. त्यांनी फोन परत दिला.

‘‘कधी गेला तो तुमच्या इथून?’’ आश्लेषानं विचारलं.

‘‘कार्डं बघू खाली,’’ ते म्हणाले. ‘‘तिथेच सगळं कळेल.’’

उतरताना आश्लेषा पुढे झाली आणि उत्तरा बापाच्या बरोबरीनं चालू लागली. तिनं त्यांचा हात धरला होता, वाट निसरडी होती म्हणून. मनोहररावांच्या जिभेवर शब्द येऊन परत फिरत होते. शेवटी त्यांनी आडून विचारलं, ‘‘तुमचं दोघांचं बरं चाललंय ना गं?’’

‘‘खरं सांगू बाबा? सिद्धेश हल्ली खूप गप्प असतो. जेवतो, रूममध्ये जातो. मी विचारलं तर म्हणतो, वर्कचा स्ट्रेस आहे. फक्त शनिवारी तो पळून येतो ना, तेव्हा अगदी पहिल्यासारखा असतो. हसतो, भांडी घासताना गाणी म्हणतो. मी म्हटलं, पळ बाबा. काय वाट्टेल ते झालं तरी शनिवार सोडू नकोस.’’

मनोहररावांनी तिचा हात घट्ट धरला. बिचारी! स्वतःच्याच हातानं त्याला दर आठवड्याला पाठवत होती. आज बाकावर उभा राहू दे. सगळ्यांसमोर होऊ दे. एकदाच काय ते रडेल, पण फसलेली तरी राहणार नाही. हे ते स्वतःला उरलेली तीन मैल वाट सांगत राहिले.

पबच्या मागच्या अंगणात लांबच लांब टेबलं लावली होती. तिशी-पस्तिशीतली वीस-पंचवीस पोरं बूट काढून, ओले मोजे कठड्यावर वाळत घालून बसली होती. बिअरचे मोठे ग्लास, टोपल्यांतून तळलेले बटाटे, कुणीतरी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी त्यावर भुरभुरलेली. सिद्धेश एका टोकाला बसला होता. बूट स्वच्छ.

‘‘यार, तू मला ओव्हरटेक कधी केलंस?’’ नकुल त्याला विचारत होता. ‘‘मी तर पूर्ण वेळ लीड करत होतो.’’

‘‘आधी कार्डं बघू दे,’’ सिद्धेश म्हणाला. तो हसला नाही. त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आश्लेषानं एक टोपी फिरायला दिली होती आणि जो तो आपलं कार्ड तीत टाकून टोपी पुढे देत होता. सिद्धेशनंही टाकलं. मनोहररावांनी ते नीट पाहिलं. टोपी तपासायला त्यांच्याकडेच येणार होती. पण त्याआधी पंचनाम्यातलं एक कलम बाकी होतं. ते उठून आत गेले.

आत अंधारं, उबदार, लाकडाचा आणि तेलाचा वास. तोच टी-शर्टाचा वास! काउंटरमागे सकाळचीच बाई होती. जवळून पाहिल्यावर मनोहरराव थबकले. बाई सत्तरीची होती. पांढऱ्या केसांची वेणी, नाकावर चष्मा, छातीवर नावाची पट्टी, ‘डॉटी’. पण संशय असा एका झटक्यात मरत नाही. असेल दुसरी कुणी; ही नुसती साक्षीदार.

त्यांचं इंग्रजी तपासणीपुरतं होतं. ‘‘तो माणूस,’’ खिडकीतून सिद्धेशकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं, ‘‘दर शनिवारी येतो? बरोबर कोण असतं?’’

‘‘सिड?’’ डॉटीचा चेहरा उजळला. ‘‘कुणीच नाही. एकटा येतो. त्या कोपऱ्यात, त्या शिंगांखाली बसतो. आधी कॉफी, अकरा वाजता बटाटे. चार-साडेचार तास.’’

‘‘करतो काय?’’

‘‘काहीच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘फोनसुद्धा गाडीत ठेवून येतो. सुरुवातीला मला वाटलं, घरात कुणी वारलं असेल याच्या. विचारलं तर म्हणाला, नाही, इथे मला कुणी काही विचारत नाही म्हणून येतो. त्यानंतर मीही विचारणं सोडलं.’’ तिनं एक ग्लास पुसून ठेवला. ‘‘त्याचे सासरे राहतात त्याच्याकडे. चांगले आहेत म्हणतो. बायको गेली बिचाऱ्यांची, जाणार कुठे, आणि माझ्या बायकोचं मन नाही मोडायचं मला, असं म्हणतो. फक्त ते दिवसभर त्याला तपासत असतात. तुम्ही ओळखता का त्यांना?’’

मनोहरराव काउंटरला धरून उभे होते.

‘‘थोडेसे,’’ ते म्हणाले.

त्या कोपऱ्यात त्यांनी पाहिलं. एक लहान टेबल, एक खुर्ची, भिंतीवर मोठ्या सांबरासारख्या जनावराची शिंगं. पावसातून बावीस मैल गाडी चालवत येऊन हा पोरगा तिथे बसत होता. काही न करता. स्वतःचं घर असताना. आणि घरी कोण बसलेलं असायचं? त्याच्या खोलीच्या दाराशी, पेपर घेऊन? त्यांना एकदम डब्यातून काढलेली बाटल्यांची झाकणं आठवली; ती त्यांनी सिद्धेशच्या लॅपटॉपशेजारी ओळीनं मांडून ठेवली होती. चार पस्तीस झाले, हे वाक्य आठवलं. दाराआडचा सिद्धेशचा आवाज हळूहळू कसा खाली खाली जात गेला होता, तेही आठवलं, आणि त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले. गेले काही महिने ते लेकीचं घर पोखरणारा माणूस शोधत होते. तो सापडला होता.

‘‘काका! चला ना, कार्डं!’’ आश्लेषा दारातून ओरडली.

ते बाहेर आले. सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली. टोपी त्यांच्या पुढ्यात ठेवली गेली. एकेक कार्ड काढायचं, आभाळाकडे धरायचं, भोकातून उजेड दिसला की नाव पुकारायचं, असं ठरलं होतं. नकुल. टाळ्या. दुसरं, तिसरं. मनोहररावांचा हात यंत्रासारखा चालत होता आणि डोकं भलतीकडेच होतं. सातवं कार्ड हाताला लागलं ते कोरं होतं. सिद्धेश, धावपटू क्रमांक नऊ. आत काउंटरवर टोकदार वस्तूंची काही कमी नव्हती. पोरानं ठरवलं असतं तर काट्यानं एक भोक सहज पाडता आलं असतं. पाडलं नव्हतं.

समोर सिद्धेश टेबलाच्या कडेला हात टेकून अर्धवट उठला होता. तो बाकावर चढणार होता. उत्तरा त्याच्या शेजारी बसून बटाटा खात हसत होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. तो चढला असता तर काय बोलला असता? कुठे जात होतो, हे सांगावं लागलं असतं. का, हेही सांगावं लागलं असतं.

मनोहररावांनी ते कार्ड तळहाताखाली दाबलं, तळहात मांडीवर नेला आणि टोपीतून पुढचं कार्ड काढलं. दहाव्या नावानंतर त्यांनी टोपी उलटी केली. रिकामी.

‘‘दहाच?’’ आश्लेषा म्हणाली. ‘‘सिद्धेशचं कुठंय?’’

‘‘ते माझ्याकडून हरवलं,’’ मनोहरराव म्हणाले.

उत्तरा म्हणाली, ‘‘बाबा? तुमच्याकडून?’’

‘‘माझ्याकडूनच. सकाळी फाट्यावर मला भेटला, तेव्हा लंगडत होता. पाय मुरगळला होता. मीच त्याला म्हटलं, हिरोगिरी नको, जुन्या रस्त्यानं खाली उतर. कार्ड जमा करून घेतलं आणि कुठे पडलं देव जाणे.’’

‘‘अहो काका, मग खिंडीत मी ‘पहिला आला, पहिला आला’ म्हणून नाचत होते, तेव्हा बोलला का नाहीत?’’ आश्लेषानं विचारलं.

‘‘विसरलो.’’

एकतीस वर्षांत मनोहर सबनीसांनी कागदाचा एक कपटा हरवला नव्हता आणि ‘विसरलो’ हा शब्द वरिष्ठांपुढेही कधी काढला नव्हता. पोरं खो खो हसत सुटली. ‘‘चेकरकाकाच विदाउट!’’ कुणीतरी ओरडलं. ‘‘नियम म्हणजे नियम! काका बाकावर!’’ मनोहरराव मुकाट्यानं बाकावर चढले, हात जोडून ‘चुकलो’ म्हणाले, आणि टाळ्यांच्या गजरात खाली उतरले. नकुल पहिला ठरला. सिद्धेश हसत नव्हता. तो एकटक सासऱ्यांकडे बघत होता.

निघताना उत्तरा सगळ्यांचा निरोप घेत रेंगाळली. दोघं गाडीपाशी उभे राहिले. पावसाची भुरभुर सुरू झाली होती.

‘‘बाबा,’’ सिद्धेश हळूच म्हणाला, ‘‘कार्ड मी हॅटमध्ये टाकलं होतं.’’

‘‘माहीत आहे. खिशात आहे माझ्या.’’

‘‘मी तिथे... म्हणजे तुम्हाला वाटतंय तसं काही...’’

‘‘मला काही वाटत नाही. मी त्या डॉटीबाईंशी बोललो.’’

सिद्धेशचा चेहरा पांढराफटक पडला. मनोहररावांना त्याच्याकडे बघवेना. त्यांनी रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपाकडे बघायला सुरुवात केली.

‘‘तो पाय,’’ ते म्हणाले, ‘‘उत्तरा येईल इतक्यात. डावा मुरगळलाय, लक्षात ठेव. गाडी तिलाच चालवू दे.’’

‘‘हो.’’

‘‘आणि आश्लेषा म्हणाली, चालणारी मंडळी दर शनिवारी जातात कुठे ना कुठे. पुढच्या आठवड्यापासून मी जाणार त्यांच्याबरोबर. सातला ती घ्यायला येईल, चारपर्यंत काही मी येत नाही. तू घरी बस. आपल्या घरात बस.’’

बोलताना त्यांची नजर न राहवून सिद्धेशकडे वळलीच. बावीस वर्षांची सवय. पोरानं खूप प्रयत्न केला. ओठ आवळले, खाली बघितलं, पायानं खडी उकरली. पण चेहऱ्यावर जे आलं ते झाकण्यासारखं नव्हतं. एवढा आनंद मनोहररावांनी त्या चेहऱ्यावर गेल्या आठ महिन्यांत पाहिला नव्हता. तो आपल्या नसण्याचा होता, हे वाचायला त्यांना क्षणही लागला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपल्याला चेहरे वाचता येत नसते तर बरं झालं असतं.

‘‘दर शनिवारी?’’ सिद्धेशनं विचारलं.

‘‘दर शनिवारी.’’

‘‘पाऊस असला तरी?’’

तोंडातून निघून गेल्यावर त्यानं जीभ चावली. उत्तरा हात हलवत त्यांच्याकडे येत होती. सिद्धेश डाव्या पायानं लंगडत दोन पावलं पुढे झाला आणि त्यानं सासऱ्यांसाठी मागचं दार उघडून धरलं.

‘‘असला तरी,’’ मनोहरराव म्हणाले आणि गाडीत बसले.